ताश्यावरची हाळी

जत्रेच्या दिवशी नरहरीला सकाळपासून एका जागी बसवेना. चहाचा कप तोंडाला लावला, तसाच खाली ठेवला. ताशा उन्हात मांडला, उचलून सावलीत आणला, पुन्हा उन्हात नेला. कातडं तापलं की नाही बघायला टिचकी मारायची, कान लावायचा, मान हलवायची आणि परत तेच. कल्पना चुलीपुढं भाकरी थापत हा खेळ बघत होती. शेवटी तिला हसू आवरेना.

"अवं, त्यो ताशा हाय का तान्हं पोर? जरा निजू द्या की त्याला!"

"कल्पे, आज समदं मैदान फुटंल बग!"

"मैदान फुटू द्या. तुमी फुटू नगा म्हंजी झालं."

नरहरी हसला आणि ताशा पुन्हा सावलीत घेऊन आला. भरे गावचा हा गडी पिरंगुटच्या बाजूला एका कारखान्यात लोखंडी पाइप कापायचा, पण लोक त्याला ओळखायचे ते ताशेवाला म्हणून. दर वर्षी चैत्रात घोटावड्याच्या जत्रेला ढोल-लेझमाचे सामने लागायचे. गावोगावची पथकं यायची आणि जिंकणाऱ्याला पितळेची ढाल मिळायची. ती ढाल बघावी तेव्हा घोटावडेकरांच्याच देवळात! भरेकर दर वर्षी छाती काढून जायचे आणि येताना एकमेकांच्या नावानं बोटं मोडत यायचे. नरहरीनं मिसरूड फुटल्यापासून त्या ढालीचा ध्यास घेतला होता. एकदा, फक्त एकदा ती हातात घ्यायची.

आता खरं ते सांगायला लाज कसली? पंचक्रोशीत नरहरीच्या ताश्याला तोड नव्हती, तशी त्याच्या पिण्यालाही नव्हती. वाजवायचं म्हणजे प्यायचं, आणि प्यायचं म्हणजे मग कुठंतरी बांधाला पडून राहायचं. नोकरी जाता जाता राहिली. कल्पना पोरीला घेऊन माहेरी गेली ती वर्षभर फिरकली नाही. मग गेल्या पावसाळ्यात त्यानं दारू सोडली, दिवाळीला कल्पना परत आली, घराला घरपण आलं. पण सोडल्यापासून तो मैदानात उतरला नव्हता. आणि त्याच्या मनानं एक घेतलं होतं, की आपल्या हातात जी काय जादू आहे ती आपली नाहीच, बाटलीची आहे. घरामागच्या परड्यात एकटा असला की काड्या झकास पडायच्या. पण ती गर्दी, तो गुलाल, समोर घोटावड्याचे ढोल, तिथं कोरड्या तोंडानं हे हात चालतील?

"न्हाई चालले तर गं?" त्यानं विचारलं.

"न्हाई चालले तर न्हाई चालले," कल्पनानं भाकरी तव्यावर टाकली. "हरून या, शिव्या खाऊन या. पिऊन येऊ नगा. पुन्यांदा माझ्यानं पेटी भरायची न्हाई आन पुन्यांदा मागं यायचंबी न्हाई."

ती हे रागानं बोलली नाही, म्हणूनच नरहरीला ते लागलं.

त्याला दारूतनं बाहेर ओढलं होतं ते मोहिद्दीननं. घोटावड्याच्या फाट्यावर मोहिद्दीनचं दुकान. शेतावरच्या पाण्याच्या मोटारी जळाल्या की त्या उघडायच्या, आतली तार नव्यानं गुंडाळायची, हा त्याचा धंदा. गडी स्वतः एके काळी असा प्यायचा, की लोक म्हणायचे, मोटारीपेक्षा मोहिद्दीनच जास्त वेळा जळतो. त्यातनं तो सुटला आणि रविवारी दुपारी दुकान बंद करून त्यानं आपल्यासारख्यांना गोळा करायला सुरुवात केली. फलक नाही, भाषण नाही. जळक्या मोटारींच्या मधे चटई टाकायची, चहा करायचा आणि ज्यानं त्यानं आपापलं बोलायचं. गावात कुचेष्टा व्हायची. "का रं, बैठकीला चाललास व्हय? आमाला बी ने की!" बोलणाऱ्यांचं काय जातं, उचलली जीभ लावली टाळ्याला.

त्या चटईवर साळूबाई यायची. ही डोंगरातली म्हातारी पूर्वी हातभट्टी लावायची, आणि गिऱ्हाइकाआधी स्वतःच चाखायची. आता करवंदं, आंबाड्याची भाजी, जे रानात मिळंल ते विकायची. मनीष यायचा, यवतमाळकडचा पोरगा, हिंजवडीला काचेच्या इमारतीत कॉम्प्युटरवर बसायचा, महाळुंग्याच्या नव्या सोसायटीत एकटाच राहायचा आणि एकटाच प्यायचा. त्याला चटईवर मांडी घालता यायची नाही म्हणून साळूबाई त्याला "खुर्चीवाला" म्हणायची.

पण आठवड्यातनं एकदा बोलून दारू सुटत असती तर काय हवं होतं! तलफ काय रविवार बघून येत नाही. ती येते तेव्हा माणसाची जीभच उचलत नाही. "मला वाचवा" असं कुणाला म्हणवतं का? तेव्हा नरहरीनंच तोड काढली. त्यानं मोटारीच्या रिकाम्या टोपणावर एक ठेका वाजवून दाखवला. दोन टोले जड, एक हलका, आणि मग गप्प. पुन्हा दोन जड, एक हलका, आणि गप्प. वरातीत, मिरवणुकीत, देवाच्या छबिन्यात, कुठंही न बसणारा ठेका, कारण वाजंत्री असा मधेच श्वास रोखून थांबत नसतो.

"ही आपली हाळी," नरहरी म्हणाला. "बोलू नगा. दारावर वाजवा, ताटावर वाजवा, पाइपावर वाजवा. ऐकंल त्यानं जायचं."

"आन कसं जायचं, त्ये मी सांगते," साळूबाई म्हणाली. "हातातलं टाकून जायचं. 'येवढं करते आन येते' म्हनलं की मेला म्हनून समजा त्यो मानूस. आन गेल्यावर तोंड उघडायचं न्हाई. नुसतं शेजारी हुबं ऱ्हायचं."

तसंच ठरलं, तसंच चाललं. एकदा मनीषनं दुकानाच्या फोनवर फोन लावला आणि त्याला एक शब्द फुटेना. रिसिव्हरवर नुसती बोटं वाजली. दोन जड, एक हलका. मोहिद्दीननं उघडी मोटार, विखुरलेली तार, समोरचं गिऱ्हाईक, सगळं तसंच सोडलं आणि स्कूटरला किक मारली. गिऱ्हाईक मागनं ओरडत राहिलं. मोहिद्दीनला ते ऐकूच गेलं नाही.

तर असा हा जत्रेचा दिवस. ऊन कलायला लागलं आणि भरेकरांचं पथक ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतनं घोटावड्यात उतरलं. आहाहा, काय ती गर्दी! पाळणे फिरतायत, पिपाण्या वाजतायत, भेळेच्या पातेल्यात कांदा पडतोय. जमिनी विकून नवी गाडी घेतलेले लोक गाडीला हार घालून देवळापुढं उभे. नरहरीच्या अंगावर काटा आला. ताश्याचा पट्टा गळ्यात पडला आणि त्याच्या बोटांना आपोआप चाळा लागला.

मैदानाच्या दोरापाशी साळूबाई करवंदांची पाटी घेऊन बसलेली. तिनं द्रोण पुढं केला. "घे रं नरू, तोंडात आंबट धर. तोंड मोकळं ठिवू नगंस आज."

तिच्या शेजारी मनीष उभा, गळ्यात कॅमेरा, डोक्यावर जत्रेतली कागदी टोपी. "नरहरीभाऊ, मी ऑफिसात खोटं सांगून आलो बरं का. आज जिंकलं पाहिजे!"

"कुनी जिंकलं पायजे?" मागनं आवाज आला. मोहिद्दीन! अंगात पांढरा सदरा, कमरेला शेला, पोटावर हा एवढा ढोल. घोटावड्याच्या पथकाचा पहिला ढोल त्याच्या आजोबापासून त्याच्याच घराकडं. "खुर्चीवाल्या, तू आज कुनाच्या बाजूचा हायस त्ये आधी ठरव. नरूभाऊ, रविवारी तू माझा भाऊ. आज तू भरेकर. आज दया-माया न्हाई."

"मागितलीय कुनी? ढाल पुसून ठिवा, आमाला धुळीची न्यायची न्हाई."

दोघं हसले. जाता जाता मोहिद्दीननं हळूच त्याचा दंड दाबला आणि गेला.

आता भिवाजीनानाचं सांगायला पाहिजे. भरेकरांच्या पथकाचा हा म्हातारा उस्ताद. नरहरीच्या हातात पहिल्यांदा काड्या दिल्या त्या यानं, आणि ओठाला पहिला घोट लावला तोही यानंच. माणूस वाईट नव्हता हो! नरहरीचा बाप गेल्यावर यानंच त्याला पोटच्या पोरासारखं जवळ केलं. बायको गेल्यापासून मात्र नाना सकाळीच सुरू व्हायचा. हाताची बोटं थरथर कापायची, त्यामुळं ताशा सुटला होता. बोटात घोड्याच्या नालेची लोखंडी अंगठी होती, ती आता सैल होऊन फिरायची.

भरेकरांची एक जुनी चाल होती, तिला 'धार' म्हणायचे. मैदानात उतरण्याआधी उस्तादानं पितळी तांब्यातनं दारूची एक धार ताश्याच्या कडेवर सोडायची आणि दुसरी ताशेवाल्याच्या तोंडात. त्याशिवाय ताशा बोलत नाही असा समज. नरहरीनं सोडल्याचं सगळ्या गावाला ठाऊक होतं, नानालाही ठाऊक होतं. तरी तो तांब्या घेऊन आलाच.

"नाना, मी सोडलीय."

"आरं सोडलीस त्ये बेस केलंस. पर ही दारू न्हाई, ही धार हाय. देवाची हाय. देवाला न्हाई म्हनतोस व्हय?"

पथकातली पोरं बघायला लागली. कुणीतरी म्हणालं, "येका घोटानं काय व्हतंय?" नरहरीनं तोंडातलं करवंद गिळलं. "मागनं घिऊ नाना, आधी पयली फेरी मारू," असं कसंबसं बोलून तो पुढं सटकला. नाही म्हणाला असं नव्हे. 'मागनं' म्हणाला. ती त्याची चूक झाली, आणि ती त्याला तेव्हाच कळली.

पंचांच्या खुर्चीत जनार्दन गुरुजी. शाळेतनं निवृत्त झाले तरी शिट्टी काही सुटली नव्हती. त्यांनी शिट्टी फुंकली आणि सामने सुरू झाले.

पहिल्या फेरीत नरहरीचे हात चालले. म्हणजे चालले आपले, खिंडीतनं बैल चालावेत तसे, जपून. पण पोरांनी लेझीम अशी काही खेळली, की दोन पथकं बाद झाली आणि भरेकर शेवटच्या सामन्यात पोचले. समोर कोण? घोटावडेकर! मैदान नुसतं उकळायला लागलं. गुरुजींनी नियम सांगितला, तसा तो सगळ्यांना पाठच होता. दोन्ही पथकं समोरासमोर. एकानं डाव टाकायचा, दुसऱ्यानं तो उचलून त्यावर चढवायचा. ज्याचं वाजणं आधी थांबलं, तो हरला. बाहेरच्या कुणी दोर ओलांडायचा नाही.

आणि मग जे सुरू झालं, ते काय सांगावं! मोहिद्दीननं टिपरू उगारलं आणि ढोलावर असा घाव घातला, की साळूबाईच्या पाटीतली करवंदं हलली. धाड् धाड् धाड्! त्याच्यामागं घोटावड्याचे बाकीचे ढोल. नरहरीनं डाव उचलला. तडतडतडतड करत ताशा वर चढला, लेझमांनी त्याला झेललं, गर्दीतनं आरोळी उठली. घोटावडेकरांनी दुप्पट केली. नरहरीनं ती घेतली आणि वर तोडा टाकला. मोहिद्दीन ओरडला, "शाब्बास रे वाघा!" आणि लगेच त्याच्यावर नवा डाव टाकला. गुलाल उडाला. नरहरीला एकदम वाटलं, चालतायत! अरे, कोरडे चालतायत हात! त्याला नाचावंसं वाटलं, रडावंसं वाटलं. "कल्पे, बग!" तो मोठ्यानं म्हणाला. तिकडं कल्पना बायकांत उभी होती, तिला ते ऐकू जाणं शक्यच नव्हतं.

पण सामना लांबला. ऊन होतं, धूळ होती, घोटावडेकर काही थांबेनात. नरहरीचं मनगट भरून आलं. एक काडी चुकली. मग दुसरी. भरेकरांची लेझीम अडखळली. लोक ओरडले, "ताशा पडला! भरेकरांचा ताशा पडला!" आणि मनात दडून बसलेली ती जुनी गोष्ट फणा काढून उभी राहिली. बघ, म्हटलं नव्हतं? हात तुझे नाहीतच.

तेवढ्यात भिवाजीनाना शेजारी आला. उस्ताद म्हणून त्याला मैदानात मुभा होती. त्यानं तांब्यातली धार ताश्याच्या कडेवर सोडली. तो वास! महिनोन् महिने ज्याला टाळलं तो वास तापलेल्या कातड्यावरनं भप्पकन वर आला.

"उघड तोंड," नाना म्हणाला. "येक घोट. ढाल हितं हाय बग, हातभर लांब."

आणि नरहरीनं तोंड उघडलं.

खोटं कशाला बोला, उघडलंच. त्याच्या मनानं कबुली देऊन टाकली होती. कल्पनाची पेटी डोळ्यापुढं आली, तरीही मन म्हणालं, एक घोट, ढाल जिंकू, मग बघू. तांब्याची कड ओठाला लागणार इतक्यात त्याच्या कानावर काहीतरी आलं. दोन जड, एक हलका. गप्प. पुन्हा दोन जड, एक हलका. गप्प. त्याला वाटलं, कुणीतरी हाळी देतंय. कोण देतंय? त्यानं खाली बघितलं. त्याचेच हात होते. त्याला न विचारता, न सांगता, त्याचे ते दमलेले हात ताश्यावर हाळी वाजवत होते.

समोर मोहिद्दीनचा ढोल थांबला.

धाडकन थांबला. ऐन डावात. मागचे ढोलही बंद पडले, घोटावडेकर त्याच्याकडं बघतच राहिले. मोहिद्दीननं गळ्यातला पट्टा काढला, आजोबापासूनचा तो ढोल धुळीत ठेवला, टिपरू टाकलं आणि सरळ मैदान ओलांडून चालत आला. "ए मोहिद्दीन! आरं येडा झालास का?" मागनं शिव्यांचा पाऊस पडला. पण त्यानं मागं बघितलं नाही. दोरापाशी साळूबाईनं करवंदांची पाटी दिली भिरकावून आणि दोराखालनं आत घुसली. मनीषनं दोरावरनं उडी मारली, कागदी टोपी तिथंच पडली. तिघंही आले आणि नरहरीच्या शेजारी उभे राहिले. कुणी एक शब्द बोललं नाही.

नरहरीनं तोंड मिटलं. मोहिद्दीनचा घामेजला खांदा त्याच्या खांद्याला लागला आणि त्याचा रोखलेला श्वास सुटला.

नाना तांब्या धरून तसाच उभा. साळूबाईनं तांब्यात डोकावून बघितलं, नाक मुरडलं. "भिवाजी, देवाचं हाय म्हनतोस न्हवं? मग समदं देवालाच दे की! पोराला कशाला वाटा?" तिनं म्हाताऱ्याच्या हाताला धरलं आणि तांब्या देवळाच्या दिशेनं जमिनीवर पालथा केला. धुळीनं ती दारू बघता बघता पिऊन टाकली. रिकामा तांब्या तिनं परत नानाच्या हातात दिला.

पुढं नुसता गोंधळ! घोटावडेकर मोहिद्दीनवर धावून आले. भरेकर टोप्या उडवायला लागले. जनार्दन गुरुजींनी शिट्टीवर शिट्टी फुंकली आणि हात वर केला. "माणसं नंतर आत आली, घोटावड्याचा ढोल त्याच्या आधी थांबला. थांबला तो हरला. नियम म्हणजे नियम. ढाल भरेकरांची!"

झालं! भरेकरांच्या पोरांनी अशी आरोळी ठोकली, की पाळणेवाल्यानं पाळणा थांबवला. कुणीतरी ढाल आणून नरहरीच्या हातात दिली. पितळेची, जड, उन्हानं तापलेली. इतकी वर्षं जिची स्वप्नं पडली ती ही. त्यानं मोहिद्दीनकडं बघितलं. घोटावड्याचे दोघं तिघं त्याच्या सदऱ्याला धरून विचारत होते, "किती घेतलेस भरेकरांकडनं? बोल!" आणि मोहिद्दीन गप्प. बोलायचं नाही हा नियम तो अजून पाळत होता.

"गुरुजी, थांबा!" नरहरी ओरडला. "आमी जिकलो न्हाई."

भरेकर चमकले. "आरं गप की!"

"गप काय गप! ऐका समदी. त्याचा ढोल थांबायच्या आधी माझा ताशा थांबला व्हता. शेवटी शेवटी मी वाजवत न्हवतो. मी हाका मारत व्हतो." चटईवर चार माणसांत बोलणं निराळं आणि आख्ख्या जत्रेपुढं बोलणं निराळं. पण आता मागं कुठं फिरणार? "मी बेवडा मानूस. तुमाला ठावं हायेच की. आत्ता त्यो तांब्या तोंडाला लागनार व्हता आन मी घेनार व्हतो. आमच्यात असा ठेका हाय. दोन जड, येक हलका, मग गप्प. त्यो वाजला, की ज्याला ऐकू येईल त्यानं हातातलं टाकून यायचं. मोहिद्दीनभाईच्या हातात तुमचा ढोल व्हता, तुमची ढाल व्हती. त्यानं टाकली आन त्यो आला. त्याला शिव्या देऊ नगा. द्यायच्या तर मला द्या."

कुणीच शिव्या दिल्या नाहीत. सदऱ्याला धरलेले हात सुटले. बायकांतनं कल्पना पुढं आली होती, पदर तोंडावर धरून. ती रडत होती की हसत होती, तिचं तिलाच ठाऊक.

गुरुजी चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "नियमात असलं काही लिहिलेलं नाही. दोन्ही पथकं थांबली असं मी धरतो. ढाल सहा महिने इकडं, सहा महिने तिकडं. आणि पहिले सहा महिने ती नरहरी घेऊन जाईल, मला उलट बोलू नका!"

आता मात्र कहर झाला! घोटावडेकर आणि भरेकर, आजवर एकमेकांच्या ट्रॉलीवर दगड टाकणारी ही माणसं, एकदमच वाजवायला लागली. मोहिद्दीननं ढोल धुळीतनं उचलला, फुंकर मारली आणि गळ्यात घातला. पोरांनी नरहरीला खांद्यावर घेतलं. ढाल डोक्यावर धरून तो ओरडत होता, काय ओरडत होता देव जाणे. मनीष लेझीम उलटी धरून नाचत होता. साळूबाई सांडलेली करवंदं गोळा करता करता त्यालाच शिव्या घालत होती. नरहरीला वाटलं, एवढी चढली नव्हती कधी, प्यायलो तेव्हासुद्धा नाही!

आणि त्या सगळ्या दणदणाटात त्याला ते ऐकू आलं.

अगदी बारीक. धातूवर धातू. दोन जड, एक हलका. गप्प.

खाली नाचणाऱ्यांना काही कळलं नाही. पण ताशेवाल्याचा कान तो! त्यानं खांद्यावरनं मान वळवली. पुन्हा आलं. दोन जड, एक हलका. गप्प. वाजवणाऱ्याचा हात कापत होता, पण ठेका एका मात्रेनंही चुकत नव्हता. असा ठेका या मुलखात एकच माणूस धरू शकत होता.

देवळाच्या पायरीवर भिवाजीनाना एकटाच बसला होता. मांडीवर रिकामा तांब्या. बोटातली ती लोखंडी अंगठी तांब्याच्या कडेवर वाजवत होता आणि कुणाकडंच बघत नव्हता.

नरहरीच्या हातातनं ढाल सुटली. खण्णकन दगडावर पडली, तिला पोचा आला. "आरं ढाल! ढाल!" पोरं ओरडली. पण तो खांद्यावरनं उतरून केव्हाच गर्दीत घुसला होता.